आण्णांची प्लायची टाकी

आमच्या मारुंजीत माझ्या सासऱ्यांना लहानथोर सगळे आण्णा म्हणायचे. मीही म्हणायचे, तोंडावर. मनात काय म्हणायचे ते इथं लिहिलं तर माझ्या पोरांना ते वाचायची चोरी होईल. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. बोलणारे बोलोत बापडे. त्यांना आण्णांच्या घरात सून म्हणून नांदावं लागलं नव्हतं.

दिसायला माणूस रुबाबदार. उंच, काळासावळा, डोक्यावर टोपी, पायजमा गुडघ्यापर्यंत वर खोचलेला आणि हातात पाण्याचा हिरवा पाईप. भाताची खाचरं गेली, कंपन्या आल्या, तसं आण्णांनी उरलेल्या जागेत भाड्याच्या खोल्या बांधायला घेतल्या, त्या अखेरपर्यंत बांधतच होते. एक मजला झाला की दुसरा. सकाळचा चहा पोटात जायच्या आधी पाईप हातात. कालच्या प्लॅस्टरवर पाणी, परवाच्या स्लॅबवर पाणी, आणि काम बंद असलं तर जुन्यापान्या भिंतीवरही पाणी. कुणी म्हणालं, ‘आण्णा, ती वाळून खडखडीत झाली की,’ तर म्हणायचे, ‘भित्तीला कळतंय व्हय ती वाळली? पानी मारल्याबिगर कायबी पक्कं हुत न्हाई.’

हे त्यांचं सगळं शास्त्र. सिमेंटपुरतं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. लग्नानंतर पहिल्यांदा माझा भाऊ जवळच्या चांदे गावाहून मला माहेरी न्यायला आला. आण्णा ओट्यावर बसले होते. म्हणाले, ‘नवी सून म्हंजी नवं प्लॅस्टर, पाव्हणं. वरीसभर पानी मारावं लागतं, न्हाईतर तडा जातो.’ ओट्यावरचे सगळे हसले. माझा भाऊसुद्धा हसला. मी आत चहाचा ट्रे घेऊन दाराआड उभी होते. ते हसणं मी विसरलेले नाही.

आणि वरीसभर कुठलं, त्यांनी पुढंही हात आखडला नाही. भाजीचा पहिला घास घेतला की, ‘चांद्यात मीठ लई सवंग हाय वाटतं.’ मी जरा टेकले की, ‘बसलीस?’ एवढंच. आवाज चढवायचे नाहीत. पण त्या एका शब्दानं बसलेलं माणूस उठायचं. सासूबाई मी यायच्या आधीच गेल्या होत्या. कशानं गेल्या हे विचारायची मला कधी गरज वाटली नाही.

भाडेकरूंवर आण्णांचा जीव नव्हता, भिंतींवर होता. ‘भित्तीला खिळा म्हंजी माज्या अंगाला खिळा,’ हे प्रत्येकाला सामान टेम्पोतून उतरायच्या आधी ऐकवायचे. वरच्या खोलीत निखिल म्हणून नागपूरकडचा पोरगा राहायचा, हिंजवडीत कंपनीत कामाला. त्यानं आईवडिलांचा फोटो सुतळीनं खिडकीच्या गजाला बांधला होता. एका रविवारी आण्णा जेवत असताना वरून ठकठक ऐकू आली. ताट तसंच ठेवून उष्ट्या हातानं जिना चढले. मी मागोमाग, म्हटलं बघू काय तमाशा होतोय. निखिल खाली बसून नारळ फोडत होता. आण्णांनी चारी भिंती हातानं चाचपल्या, फोटोमागं बघितलं, पलंगाखाली वाकून बघितलं. मग म्हणाले, ‘नारळ बाहीर फोडायचा. फरशीला तडा जातो.’

निखिल म्हणाला, ‘आण्णा, आता सॉरी कोणी म्हणायचं? मी की तुम्ही?’

‘तू. खोली माजी हाय.’

आणि खाली येऊन उरलेलं जेवण जेवले.

असे ते का झाले हे मला माहीत नाही असं नाही. बाप लहानपणीच गेला. चुलत्यानं सांभाळलं, म्हणजे गोठ्यात झोपवलं. चुलत्याचा पोरगा वसंता घरात, हे जनावरांपाशी. तरणेपणी दुसऱ्यांच्या बांधकामांवर डोक्यावरून पाणी वाहिलं. ज्या भिंती त्यांनी भिजवल्या त्यांतली एकही त्यांची नव्हती. लग्नानंतर माझ्या नवऱ्यानं हे मला डोळ्यांत पाणी आणून सांगितलं, आणि तेव्हा मीही रडले होते. पण मला सांगा, गोठ्यात झोपलेल्या माणसाला खोलीची किंमत जास्त कळायला हवी की नको? यांनी उलटच केलं. सगळ्या जगानंच गोठ्यात झोपावं असं यांना वाटायला लागलं.

माझं मागणं एका खोलीचं होतं. मी ब्लाउज शिवते. पौडला क्लास करून शिकले, हात चांगला आहे, सोसायट्यांमधल्या बायका गाडी काढून माझ्याकडे येतात. माझी मशीन जिन्याखाली होती. गिऱ्हाइकानं मान वाकवून उभं राहायचं आणि मी बसूनच मापं घ्यायची. घराला लागून उठलेल्या नवीन इमारतीत रस्त्याकडं तोंड करून एक खोली निघत होती, शटरवाली. भाऊबीजेला माझा भाऊ आला होता, त्याच्यासमोर आण्णा आपणहून म्हणाले, ‘ही म्होरची खोली सुनंदेची. हितं तिनं मशीन मांडावी.’ मी कधी नाही ते त्यांच्या पाया पडले. त्या खोलीच्या प्लॅस्टरला सकाळ-संध्याकाळ मी स्वतः पाणी मारलं. कटिंगसाठी टेबल करून घेतलं. दुकानाचं नावसुद्धा ठरवून ठेवलं होतं.

मग वसंताच्या बंगल्याची वास्तुशांत झाली.

वसंतानं हॉलच्या भिंतीत माशांची काचेची टाकी बसवली होती. आत दिवे, बुडबुडे, रंगीत मासे. आलेली माणसं जेवायचं सोडून टाकीपुढं उभी. आण्णांना सवय होती की कुठंही गेलं तरी चार माणसं भोवती बसून त्यांच्या खोल्यांबद्दल विचारतात. त्या दिवशी कुणी विचारलं नाही. बुंदी पानात तशीच टाकून उठले आणि घरी निघाले. दारात चपला काढता काढता म्हणाले, ‘त्येच्याहून मोठी करनार. म्होरच्या खोलीत. रस्त्यावरनं दिसली पायजे.’

मी म्हटलं, ‘आन् माझी मशीन?’

‘मशीन काय, कुटंबी चालती. टाकी कुटंबी ऱ्हाती का?’

मी नवऱ्याकडं बघितलं. नवरा म्हणाला, ‘आण्णांशी बोलतो मी.’ हा माणूस एवढं एक वाक्य घेऊन उभा जन्म काढेल. कंपनीची बस चालवतो, घाटात कधी ब्रेक मारायला चुकला नाही, पण बापापुढं तोंड उघडायचं म्हटलं की गाडी न्यूट्रलला.

काचेची टाकी विकत आणली असती तर वसंताची नक्कल झाली असती. म्हणून आण्णांनी लाकडाची करायचं ठरवलं. बांधकामातला कोरा प्लाय उरला होता. एका पडलेल्या दुकानाच्या शोकेसची जाड काच मागं पडून होती, ती पुढच्या बाजूला. सुताराला बोलावलं नाही. मोजलं यांनीच, कापलं यांनीच, बाहेरून आडव्या पट्ट्याही यांनीच ठोकल्या. पलंगाएवढी लांब पेटी. खरं सांगते, काम सुबक होतं. कोपरे असे बसले होते की नख शिरायचं नाही. मला त्याचाही राग आला. माझ्या जिन्याखाली एक फळी ठोकून द्या म्हणून मी किती वेळा मागं लागले होते, तेव्हा या हातांना सवड नव्हती.

लाकडातून पाणी झिरपू नये म्हणून आतून रसायनाचा लेप द्यायचा असतो. ते दोन डब्यांत येतं, एकत्र कालवलं की घट्ट होतं आणि काचेसारखं वाळतं. आण्णांनी हिंजवडीच्या रंगाच्या दुकानातून आणलं. डब्यावर इंग्रजीत सूचना होत्या. मी बारावी झाले आहे, तेवढं मला वाचता येतं. मी वाचून दाखवलं, ‘आण्णा, ह्याला पाणी अजिबात लागू द्यायचं न्हाई असं लिहिलंय. पुरतं वाळेस्तोवर कोरडं ठेवायचं.’

आण्णा लेप कालवत होते. मान वर न करता म्हणाले, ‘तुज्या बापानं किती घरं बांधली?’

माझ्या बापानं एकच बांधलं होतं आणि त्यात माणसं सुखानं राहतात. पण मी डबा खाली ठेवला आणि स्वयंपाकघरात गेले.

लेप दिला. वरून जरा घट्ट दिसायला लागला आणि आण्णा पाईप घेऊन आले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. आधी फवारा, मग धार. मग गोणपाटं भिजवून आतून चारी बाजूंनी लावली, स्लॅबला लावतात तशी. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, ‘क्युरिंग चालूय.’ गोणपाटं काढली तेव्हा आतला लेप ताकासारखा पांढरा पडला होता आणि बोट लावलं की चिकटत होता. आण्णांनी बोट पायजम्याला पुसलं आणि म्हणाले, ‘धरलं.’

मुळशी धरणाकडून कॅनमध्ये चिलापी, ते खायचे मासे, आणले. रंगीत मासे नकोत, ‘आपल्या पान्यातलं पायजेत.’ गावातली माणसं बोलावली, वसंताला तर मुद्दाम. नारळ फोडला, तो बाहेर. टाकी काठोकाठ भरून मासे सोडले. वसंता वाकून बघत म्हणाला, ‘आण्णा, हे बघायचं का कालवनाचं?’ लोक हसले. आण्णाही हसले, पण जबड्यानंच.

चहा फिरत होता तेवढ्यात खालचा कोपरा भिजलेला दिसला. आधी घाम आल्यासारखा, मग थेंब, मग धार. प्लाय फुगून त्याचे पापुद्रे सुटत होते. आण्णांनी कोपऱ्याला तळहात लावून धरला, जणू पाणी त्यांचं ऐकणार होतं. मग तळाची फळीच उकलली आणि सगळं पाणी खोलीत. मासे फरशीवर तडफडायला लागले, माणसं चहाचे कप घेऊन खुर्च्यांवर चढली. पाणी उंबऱ्यावरून आत आलं ते थेट माझ्या जिन्याखाली. तिथं खाली पिशव्यांत लग्नाचे ब्लाउज होते, एका सोसायटीतल्या बाईच्या मुलीचे. रेशमी कापड. लालचा रंग पिवळ्यात उतरला, मोरपंखीचा सगळ्यांत.

मी ते ओले ब्लाउज उचलून सगळ्यांसमोर पुढच्या खोलीत आणले. आण्णा म्हणाले, ‘कापडं खाली कुनी ठिवाय सांगितली हुती?’

आजही हे लिहिताना माझे कान तापतात. मी म्हणाले, ‘वर ठिवायला भित्तीला फळी कवा ठोकू दिलीत? आन् डब्यावर काय लिहिलं हुतं ते मी तुमाला वाचून दाखवलं हुतं. पाणी लावू नका म्हनून.’

वसंता म्हणाला, ‘असं व्हय? सुनंनं सांगितलं हुतं?’

आण्णांनी वसंताकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत लाज असती तर मी सगळं सोडून दिलं असतं. लाज नव्हती.

त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. ताट वाढायचं, पाणी ठेवायचं, निघून यायचं. त्या बाईला मी पदरचं कापड आणून ब्लाउज शिवून दिले. ती पुन्हा आली नाही, आणि तिच्या बिल्डिंगमधलंही कुणी आलं नाही. आण्णांनी मात्र आठवड्याच्या आत पुन्हा प्लाय कापायला घेतला. एका दुपारी जिन्याखाली आले. त्यांना तिथं पुरं वाकावं लागायचं. रसायनाचा डबा माझ्या मशीनवर ठेवला आणि म्हणाले, ‘वाच.’

एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. माझं मन क्षणभर हललं, खोटं कशाला बोलू. पण मी सुई ओवत राहिले आणि म्हणाले, ‘म्होरची खोली द्या. मंग वाचते.’

‘टाकी हुं दे. बघू.’

‘आधी.’

तसेच वाकून उभे होते. श्वास ऐकू येत होता. मला वाटलं, आता हो म्हणतात. त्यांनी डबा उचलला आणि जिना चढून निखिलच्या खोलीत गेले.

निखिलनं वाचून दिलं. भला पोरगा, नारळ मनात ठेवला नाही. ‘आण्णा, पाणी लावायचंच नाही. हात पण नाही लावायचा.’ मग काय विचारता. आण्णांनी पाईप गुंडाळून खुंटीला अडकवला आणि स्वतः त्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसले. लेपावर लेप दिले आणि प्रत्येक लेप वाळेपर्यंत राखण केली. मी न्हाऊन ओल्या केसांनी दारावरून निघाले तर हात आडवा करून म्हणाले, ‘मागल्या दारानं.’ माझ्या केसांतल्या थेंबाचीसुद्धा त्यांना भीती वाटत होती. सांध्यांत सिलिकॉन भरलं, काच बसवली, पाणी भरलं. टाकीनं थेंब सोडला नाही.

बघायला आलेल्यांना काय सांगत होते माहीत आहे? ‘ह्याला पानी मारायचं नसतंय. लोकांना कळत न्हाई.’ वसंताही आला. टाकीच्या कोपऱ्यांवरून हात फिरवला आणि गेला. त्या रात्री आण्णांनी भाकरी मागून घेतली. निखिलला बक्षीस मिळालं. भिंतीत एक खिळा ठोकायची परवानगी. एकच. त्यानं लगेच आईवडिलांचा फोटो लावला आणि मला हाक मारून दाखवला. मी ‘छान दिसतोय’ म्हटलं, खाली आले आणि जिन्याखाली बसून पोटभर रडले. भाडेकरूला खिळा मिळाला, मला काय मिळालं? पुढच्या खोलीला आण्णांनी त्याच आठवड्यात कुलूप लावलं, माझी मशीन आत सरकेल म्हणून.

दिवसातून दोनदा स्वतः कुलूप उघडून माशांपुढं बसायचे. काचेवर बोट आपटून त्यांच्याशी बोलायचे. मी एकदा बाहेरून ऐकलं. ‘खाल्लंस का? खा. तुला कोन कमी करतंय हितं.’ इतक्या मऊ आवाजात की मला आधी वाटलं आत दुसरं कुणी आहे. असा आवाज या माणसाकडं होता, आणि तो आम्हाला कधी ऐकवला नाही. सगळ्यांत जास्त राग मला या गोष्टीचा आहे.

मग त्यांना दम लागायला लागला. आधी जिना सुटला, मग अंगण, मग आतल्या खोलीतला पलंग एवढंच राहिलं. सगळं मीच केलं. कौतुक म्हणून सांगत नाही, घरात करणारं दुसरं होतं कोण? माशांना घालायचं कामही माझ्याकडं आलं. आण्णा उशीखालून किल्ली काढून द्यायचे. मी पुढच्या खोलीत जाऊन माशांना घालून यायचे. दारात पाऊल पडलं की त्यांचा तळहात पसरलेला असायचा. किल्ली परत. मधल्या वेळात मी त्या खोलीत जरा उभी राहायचे. मशीन कुठं ठेवायची, आरसा कुठं, ट्रायलचा पडदा कुठं, सगळं डोळ्यांपुढं यायचं. मग हाक यायची, ‘झालं का?’

आता त्या खोलीत माझं दुकान आहे. टाकीही तिथंच आहे, कारण ती चांगली झाली आहे आणि गिऱ्हाइकांची पोरं तिच्यापुढं शांत बसतात. वैऱ्याचं काम असलं तरी चांगलं ते चांगलं. पण गावात सगळे म्हणतात, सासऱ्यानं जाता जाता सुनेच्या हातात खोलीची किल्ली दिली. आमच्या भावकीतल्या बायका हे सांगताना डोळे पुसतात, माझा नवरासुद्धा सांगतो. त्यांनी ते लांबून बघितलं. मी तिथं होते, म्हणून काय झालं ते सांगते.

सकाळची वेळ होती. मी पुढच्या खोलीत माशांना घालत होते तोवर आण्णांना जास्त झालं. अँब्युलन्स दारात आली. निखिल आणि माझ्या नवऱ्यानं त्यांना स्ट्रेचरवर घेतलं. मी किल्ली हातात घेऊन तशीच बाहेर धावले. रस्त्यावर माणसं जमली होती. आण्णांनी हातानं थांबायची खूण केली आणि माझ्याकडं बघून तळहात पसरला. मागं बायकांनी तोंडाला पदर लावले. सासरा सुनेचा हात मागतोय असं त्यांना वाटलं, आणि देवाशपथ, मलाही क्षणभर तसंच वाटलं. मला वाटलं, आता म्हणतील, राहू दे तुझ्याकडं. मी माझा हात त्यांच्या हातात दिला.

त्यांनी माझी बोटं एकेक करून उघडली. अंगात ताकद नव्हती, वेळ लागला. मी मदत केली नाही आणि अडवलंही नाही. किल्ली काढून घेतली, मूठ मिटली आणि ती छातीवर ठेवली. मग माझा हात सोडून नवऱ्याला म्हणाले, ‘चला.’

दार लागलं, गाडी हिंजवडीकडं गेली.

दुपारी आम्हाला दवाखान्यात आत बोलावलं तेव्हा ते गेलेले होते. मूठ तशीच होती. तिथल्या नर्सनं ती सोडवली, किल्ली काढली, पुसली आणि सगळ्यांत पुढं मी उभी होते म्हणून माझ्याकडं दिली. खोली मला कुणी दिली असेल तर तिनं दिली. तिचं नाव मला माहीत नाही.